जोतिबाच्या चार आगाऊ सह्या

"झाड तोडणं सोपं असतंय बाई, ते मारणं अवघड," असं जोतिबा मला पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मला वाटलं, हा चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. नीलगिरी, सुबाभूळ, अकेशिया ही झाडं जमिनीलगत कापली तरी खाली राहिलेला बुडखा जिवंत असतो. पहिल्या दोन पावसांत त्याला चहूबाजूंनी धुमारे फुटतात आणि एका खोडाची दहा खोडं होतात. विजेच्या तारांखाली अशी झाडं असली की दरवर्षी तोच व्याप. म्हणून हल्ली झाड कापल्याबरोबर बुडख्याला औषध लावतात. ते मुळापर्यंत उतरतं आणि झाड पुन्हा उठत नाही. तीन वर्षं जोतिबा हेच काम करत होता.

मी वसुधा. बेळगावातल्या एका मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. राहायला पहिल्यापासून येळ्ळूरलाच. जोतिबाचं घर आमच्या परसाला लागून आहे. त्याची मुलगी सौम्या माझ्या हाताखाली शिकली, त्यामुळं घरी कसलाही कागद आला की तो घेऊन जोतिबा माझ्या ओसरीवर यायचा. कागद पुढं करायचा आणि मी वाचून होईपर्यंत उभाच राहायचा. बस म्हटलं तरी बसायचा नाही.

जोतिबा म्हटलं की रवळू आलाच. दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच वर्षी शाळा सोडली आणि अठराव्या वर्षापासून जोडीनं झाडं तोडायला लागले. रवळू वर चढायचा, जोतिबा खाली दोर धरायचा. फांदी कुठल्या अंगाला पडणार हे रवळू वरून ओरडून सांगत नसे. दोराला हिसका दिला की जोतिबाला कळायचं. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाच्या घराचं एक कौल फुटलं नाही, असं गावातले म्हातारे सांगतात. रवळू बोलका, पान खाणारा, वाटेत भेटेल त्याला थांबवून दोन शब्द बोलणारा. जोतिबा मुलखाचा अबोल. रवळू आणि शालूबाईला मूलबाळ नव्हतं. सौम्या लहानपणी निम्मं जेवण त्यांच्याकडं जेवायची आणि शालूबाईच्या मांडीवर झोपायची. जोतिबाची बायको लवकर गेली, तेव्हा त्या पोरीची वेणीफणी शालूबाईनंच केली.

चार वर्षांपूर्वी बेळगाव ते निपाणी पट्ट्यातल्या तारांखालची झाडं काढायचं काम एका कंत्राटदाराला मिळालं. त्यानं या दोघांना बोलावलं. पण औषध लावायचं तर नियम होता. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशिवाय डब्याचं झाकण उघडायचं नाही, आणि त्या माणसानं कामावर हजर राहून रोज रजिस्टरमध्ये सही करायची. म्हणून दोघांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बेळगावला पाठवलं.

शिकवायला रचना मॅडम होत्या. धारवाडकडच्या, वयानं तरुण, शांतपणे शिकवणाऱ्या. सगळं कन्नडात. आमच्याकडच्या बहुतेकांसारखं या दोघांनाही कन्नड बोलता येतं. बाजारात, कामावर त्यांचं काही अडत नाही. पण वाचणं वेगळं. जोतिबानं एसटीच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवायला शिकून घेतलं होतं. रवळूला ती येत नव्हती. पहिल्याच दिवशी दुपारी मॅडमनी डब्यावरचा कागद एकेकाला मोठ्यानं वाचायला दिला. रवळूची पाळी आली. कागद हातात धरून तो उभा राहिला, आणि मागून कुणीतरी हसलं. हसणारा कोण होता ते जोतिबानं पाहिलं नाही. रवळूनं कागद टेबलावर ठेवला, "नीर कुडिदु बर्तीनी," पाणी पिऊन येतो, असं मॅडमना म्हणाला आणि सरळ बस धरून घरी आला.

संध्याकाळी मॅडमनी जोतिबाला थांबवून घेतलं. "उद्या त्यांना घेऊन या," त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या. "वाचायला नको. मी तोंडी विचारते, ते तोंडी सांगतील. असं चालतंय."

जोतिबानं निरोप दिला. रवळू अंगणात पान लावत बसला होता.

"शाळेत बसायचं वय गेलं रं आता," रवळू म्हणाला. "तू शीक की. तू सांगशील तसं मी करतो. आजपतूर तसंच केलंय न्हवं?"

जोतिबानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला.

तीन दिवसांनी तो प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडं आला. आयुष्यात त्याला मिळालेला तो पहिलाच छापील कागद, ज्यावर त्याचं नाव आणि फोटो होता. त्या दिवशी मात्र तो ओसरीवर बसला आणि न विचारता बोलत राहिला. झाड जगतं ते सालीच्या आतल्या बोटभर कड्यावर, मधलं लाकूड मेलेलंच असतं, म्हणून औषध मधे ओतून वाया घालवायचं नाही, कुंचल्यानं कडेकडेनं लावायचं. कापल्यावर भुसा झाडायचा आणि चार-पाच मिनिटांच्या आत लावायचं, न्हायतर झाड आपली जखम आपण मिटवून घेतंय. शेजारी त्याच जातीचं ठेवायचं झाड असलं तर लावायचंच न्हाय, कारण जमिनीखाली दोघांची मुळं एकमेकांत गेलेली असत्यात, एकाला दिलं की दुसरंही मरतंय. डब्याच्या तळाला त्रिकोण असतो, त्याचा रंग बघायचा. हिरवा, निळा, पिवळा, तांबडा, अशी विषाची चढती भाजणी. आणि औषध कधीही, कधीही दुसऱ्या बाटलीत काढून ठेवायचं न्हाय.

"कधीही" हा शब्द त्यानं दोनदा म्हटला होता, मला नीट आठवतं.

बरोबर कन्नड पुस्तिका होती. "बाई, एवढं मराठीत लिहून देता काय? रवळूसाठी," तो म्हणाला. मी वही आणली आणि लिहायला लागले. अकरा पानं झाली. मग शाळेत परीक्षा आल्या, मग निवडणुकीचं काम आलं, आणि ती वही माझ्या कपाटात राहिली. विषबाधा झाली तर काय करायचं ते पुस्तिकेच्या शेवटच्या दोन पानांवर होतं. तिथपर्यंत मी पोहोचलेच नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

काम मात्र छान चाललं. रवळू मशीननं कापायचा आणि जोतिबा हातमोजे, चष्मा, गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून लगेच मागून कुंचला फिरवायचा. रवळू त्याला 'डॉक्टर' म्हणायला लागला. एका शेतकऱ्यानं बांधावरच्या दोन शिरीषांपैकी एक मारून मागितलं तेव्हा जोतिबानं चक्क नाही म्हणून सांगितलं. "मुळं एक झाल्यात, दुसरंबी जाईल," म्हणाला. शेतकरी चिडला, पण गावात जोतिबाचा मान वाढला. आसपासच्या चार गावांत तसं प्रमाणपत्र असलेला तो एकटाच होता.

कंत्राटदाराच्या वतीनं कामावर आदर्श नावाचा सुपरवायझर असायचा. डिप्लोमा झालेला, तिशीच्या आतला, वाईट म्हणण्यासारखा नव्हता. त्याला फक्त काम वेळेत संपवायचं असायचं. रजिस्टर त्याच्याकडं. पहिल्या वर्षी जोतिबा रोज सही करायचा. पुढं आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम व्हायला लागल्या. "आप्पा, तुम्ही हाय म्हणून आमचं चालतंय," असं आदर्श म्हणायचा, आणि जोतिबा पेन घ्यायचा.

गेल्या वर्षी मे महिन्यात सौम्याचं लग्न ठरलं. संकेश्वरचं स्थळ. मुलगा साखर कारखान्यात फिटर. साखरपुडा तिकडंच, बुधवारी होता, आणि जोतिबाला मंगळवारपासून चार दिवस सुट्टी हवी होती. आदर्श अडून बसला. गुरुवारी वरिष्ठ पाहणीला येणार होते, आणि आदल्या वर्षीच्या काही बुडख्यांना पुन्हा धुमारे आले होते. शेवटी त्यानं तोडगा काढला. जोतिबानं जावं, रवळूनं थांबावं, आणि रजिस्टरमध्ये चारही दिवसांच्या सह्या आधीच करून ठेवाव्यात.

"रवळूला औषधाला हात लावायला लावू नका," जोतिबा म्हणाला.

"न्हाय लावत आप्पा. कापणीचंच काम हाय."

जोतिबानं चार सह्या केल्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. रवळूला साखरपुड्याला यायचं होतं. त्यानं नवा सदरासुद्धा शिवून घेतला होता. "तू जा रं," तो हसत म्हणाला. "माझं तोंड लग्नात दाखवतो. सौम्याला सांग, काकानं मशीन सोडली न्हाय म्हणून."

बुधवारी सकाळी आदर्श कामावर आला तो नवा डबा घेऊन. नेहमीचं औषध संपलं होतं. हे दुसरं होतं, पानांवर मारायचं. त्यानं पानं एका दिवसात करपतात. मूळ मरत नाही, पण गुरुवारी बघणाऱ्याला सगळं जळालेलं दिसलं असतं. कामाच्या दोन टोळ्या, डबा एक. आदर्शनं निम्मं औषध एका रिकाम्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतलं, ती रवळूच्या टोळीकडं दिली आणि पंपात कसं घालायचं ते सांगून तो दुसऱ्या टोळीकडं गेला.

औषध काळपट होतं. उन्हाळ्यात रवळू घरून गार केलेला कोरा चहा न्यायचा. शालूबाई तो तसल्याच बाटलीत भरून द्यायची. दुपारी दोनच्या उन्हात, घामानं डोळे चुरचुरत असताना, त्यानं झाडाखाली दोन्ही बाटल्या ठेवल्या होत्या तिथं हात घातला, एक उचलली, झाकण फिरवलं आणि तोंडाला लावली. चव कळताच थुकला. पण त्याआधी एक घोट आत गेला होता. त्यानं खळखळून चुळा भरल्या, बरोबरच्या माणसांना आपलीच गंमत सांगितली आणि संध्याकाळपर्यंत काम केलं.

लग्नाचं बोलणं लवकर आटोपलं म्हणून जोतिबा त्याच दिवशी संध्याकाळी पेढे घेऊन परत आला. पहिला पुडा त्यानं रवळूच्या घरी नेला. रवळू अंगणात बाजेवर पडला होता.

"पेढा न्हाय खाववत रं," तो म्हणाला. "घशात जळजळतंय. दुपारी चहा समजून तुझं औषध तोंडात घेटलं. थुकलं लगेच."

"कुठलं औषध?"

"तुझंच की. दुसरं कुठलं?"

जोतिबाच्या डोळ्यांपुढं नेहमीचा निळ्या त्रिकोणाचा डबा होता. थुकलं म्हणतोय, बोलतोय, हसतोय. तरीही प्रशिक्षणात सांगितलं होतं ते त्याला आठवलं: थोडं गेलं तरी दवाखाना. तसं तो म्हणालाही. पण रवळूनं हात झटकला. "घोटभराला कसला दवाखाना? उद्या पाहणी हाय." शालूबाईनं ताक आणून दिलं. रवळूनं कण्हत दोन फुलपात्रं प्यायली आणि सौम्याच्या सासरच्यांची चौकशी करत बसला. नवरा उंच आहे काय, सासू बोलायला कशी आहे, जेवणात काय होतं. जोतिबानं सगळं सांगितलं.

सकाळी रवळूच्या तोंडात फोड होते आणि जीभ पांढरी पडली होती. बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "नेमकं काय पोटात गेलंय? डबा आणा." जोतिबा रिक्षा करून कामाच्या जागेवर गेला. शेडमागं कचऱ्यात डबा सापडला. त्यानं तो उलटा करून बघितला. त्रिकोण पिवळा होता. वरचं नाव त्यानं अक्षर अक्षर जुळवून वाचलं. या औषधाबद्दल रचना मॅडम वर्गात वेगळं थांबून बोलल्या होत्या. हे बुडख्यासाठी नाही, हे घोटभर गेलं तरी याला उतारा नाही.

डबा मांडीवर घेऊन तो रिक्षातून परत आला. त्या वाटेवर आपण काय विचार केला ते आठवत नाही, असं तो म्हणतो.

रवळू अकरा दिवस जगला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता. हेच सगळ्यात वाईट होतं. ताप नाही, भ्रम नाही, फक्त श्वास रोज थोडा आखूड. मी भेटायला गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता, आणि वाक्य पुरं करायला त्याला तीनदा थांबावं लागत होतं. शालूबाई डॉक्टरांच्या पाया पडत होती. "त्यांना ऑक्सिजन लावा की. दुसऱ्या खाटावरच्याला लावलाय, आमास्नी का न्हाय?" डॉक्टर बिचारे समजावत होते की या विषात ऑक्सिजन दिला तर फुप्फुसं आणखी लवकर जातात, म्हणून अगदी नाइलाज होईपर्यंत द्यायचा नसतो. तिला ते पटत नव्हतं. कुणाला पटेल? माणूस हवेसाठी तडफडतोय आणि त्याला हवा द्यायची नाही.

नवव्या दिवशी रवळूनं जोतिबाला जवळ बोलावलं.

"बुडखं मेलं काय रं?"

जोतिबा आदल्याच दिवशी तिथं जाऊन आला होता. वळवाच्या एका सरीनं प्रत्येक बुडख्याला हिरवे डोळे फुटले होते.

"मेलं सगळं," तो म्हणाला.

"बरं झालं," रवळू म्हणाला आणि डोळे मिटून पडला. शेवटच्या दोन दिवसांत त्याला ऑक्सिजन लावला, तेव्हा शालूबाईला वाटलं, आता बरं होणार.

पोलिसांचे कागद झाले. आदर्शनं जबाब दिला की औषधावर प्रशिक्षित माणूस हजर होता, रजिस्टरमध्ये त्याची सही आहे, औषध त्याच्या ताब्यात होतं, आणि मजुरानं ते स्वतःहून घेतलं. कागदावर 'विष प्राशन' असा शब्द आला. आपल्याकडं तो शब्द आला की माणसं पुढचं स्वतःच रचतात. मूलबाळ नव्हतं, घरात काहीतरी बिनसलं असेल, बायकोचा स्वभाव जरा कडकच होता. तिसऱ्या दिवशी पाण्याला गेलेल्या शालूबाईच्या कानावर हे पडलं. ती रिकामी कळशी घेऊन परत आली, ती आठ दिवस घराबाहेर पडली नाही.

जोतिबा गप्प राहिला. एक आठवडा, दोन, पाच. आपण त्या दिवशी संकेश्वरला होतो एवढं सांगितलं की रवळूवरचा डाग पुसला असता. पण मग सही खोटी ठरली असती, पोलीस दारात आले असते, आणि सौम्याच्या लग्नाला दीड महिना राहिला होता. तो रवळूच्या घरी रोज जायचा, पाणी भरून ठेवायचा, जळण फोडून द्यायचा आणि शालूबाईच्या तोंडाकडं न बघता परत यायचा. ती त्याला एकदाच म्हणाली, "भावजी, त्यांनी औषध पिलं न्हाय. तुमाला तर ठाव हाय न्हवं?" तो मान हलवून निघून आला.

ज्येष्ठ संपता संपता एका सकाळी तो माझ्या ओसरीवर आला. हातात कागद नव्हता.

"बाई, एक अर्ज लिहून देता? कन्नडात. साहेबाला वाचता याला पाहिजे."

तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. सह्यांपर्यंत आलो तेव्हा तो थांबला. मी पेन खाली ठेवलं.

"सह्यांचं सोडा बाई. ते कुणीबी करतंय," तो म्हणाला. "मॅडम म्हणाल्या होत्या, घेऊन या, तोंडी घेते. मी रवळूला एकदाच विचारलं. मला ठाव हुतं, दोनदा म्हटलं असतं तर आला असता. लगेच फुगायचा आणि लगेच उतरायचा, तसला गडी हुता. पण मला बरं वाटलं हुतं. आयुष्यभर वर तो चढायचा, लोक त्याला बघायची. मी खाली दोर धरून. म्हटलं, एवढं एक माझं एकट्याचं असू दे."

हे अर्जात लिहू नका म्हणाला. मी लिहिलं नाही. मग माझी वही कपाटातून काढून त्याला दाखवली. अकराव्या पानावर अर्धं राहिलेलं वाक्य त्यानं वाचलं, वही मिटली आणि मला परत दिली.

चौकीत जाण्याआधी त्याला शालूबाईला सांगायचं होतं. मी बरोबर गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. जोतिबानं उभ्यानंच सगळं सांगितलं, चार सह्या, संकेश्वर, पाच आठवडे. ती सूप हातात धरून ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, "आणि त्या सांजंला मी त्याला उचलून न्यायला पाहिजे हुतं. मला शिकवलं हुतं, वैनी. मी नुसतं म्हणालो आणि बसलो."

तिनं सूप मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "ताक मीच दिलतं." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. खडे सुपात राहत होते आणि तांदूळ बाजूला पडत होते. जोतिबा खाली बसला. मी दारातून बाहेर आले.

अर्ज दिल्यावर चौकशी पुन्हा झाली. दुसऱ्या टोळीतल्या दोघांनी बाटलीचं खरं सांगितलं. कागदावरचा शब्द बदलून 'अपघात' झाला. तो कागद शालूबाईनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतला, घडी घालून पदराला बांधला आणि त्या दिवशी पाण्याला गेली. कंत्राटदारावर आणि आदर्शवर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. जोतिबाचंही नाव त्यात आहे. तारखेला तो वेळेआधी जाऊन बसतो. प्रमाणपत्र रद्द झालं. ते परत द्यायला तो गेला तेव्हा रचना मॅडमनी त्याला बसवून चहा दिला आणि कागदावर स्वतः रद्दचा शिक्का मारला. "मी त्यांना परत आणायला स्वतः यायला पाहिजे होतं," एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या वर्गापासून त्यांनी मराठीतली पुस्तिका काढली. तिचं लेखन मी केलं, शेवटच्या पानापासून सुरुवात करून.

सौम्याचं लग्न मोडलं नाही. संकेश्वरची माणसं भली निघाली. सासऱ्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "खरं सांगिटलंय न्हवं? मग झालं." लग्नाला शालूबाई आली नाही. ओटीसाठी खण आणि नारळ माझ्या हाती पाठवला. ओटी भरताना सौम्या रडली, आणि पाहुण्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते.

जोतिबा आता औषधाला हात लावत नाही. कुदळ आणि पहार घेऊन बुडखे खणून काढतो. एका बुडख्याला दोन दोन दिवस लागतात, मूळ गवसलं की ते कोयत्यानं तोडायचं आणि पुन्हा खणायचं. जोडीला माणूस घे असं सगळे सांगतात. घेत नाही. वर चढायची कामं त्यानं सोडली आहेत, कारण खाली दोर धरायला तो दुसऱ्या कुणाला सांगत नाही, आणि दुसऱ्यासाठी दोर धरायला उभा राहत नाही.

दिवाळीनंतर शालूबाईनं भावाकडं कणकुंबीला जायचं ठरवलं. गावात करमत नाही म्हणाली. मी थांब म्हटलं नाही. निघायच्या दिवशी जोतिबा सकाळीच आला, तिची ट्रंक डोक्यावर घेतली आणि पुढं चालू लागला. मी पिशवी घेऊन मागं. स्टँडवर खानापूरकडची बस उभी होती. त्यानं ट्रंक आत सीटखाली सरकवली, खिडकीची काच वर करून दिली आणि खाली उतरून उभा राहिला. बराच वेळ बस सुटेना. तो तिच्याकडं बघत नव्हता, ती त्याच्याकडं.

ड्रायव्हर चढला तेव्हा ती खिडकीतून वाकून म्हणाली, "भावजी, जेवत जावा."

त्यानं मान हलवली. बस वळून दिसेनाशी झाली तरी तो तिथंच होता. मी म्हटलं, "चल जोतिबा, घरी जाऊ." तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं बाई." मग त्यानं डोक्यावरची चुंबळ काढून झटकली, खांद्यावर टाकली आणि बाकावर जाऊन बसला. मी कोपऱ्यावरून वळून पाहिलं तेव्हा पुढची बस लागत होती, आणि माणसं त्याला ओलांडून चढत होती.